भोक लहान, तरी ऐकू कमी का?

प्रश्न : माझं वय ३६. लहानपणी सर्दी झाली की माझा उजवा कान फुटायचा. गेली पाच-सहा वर्षं तो कोरडा आहे, पण पडद्याला भोक राहिलं आहे. ते लहान आहे, पडद्याचा जेमतेम पाचवा भाग, असं डॉक्टर सांगतात. तरी त्या कानाने मला फार कमी ऐकू येतं. शब्द कळतात, पण आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, पुरुषांचं बोलणं तर जास्तच. माझा स्वतःचा आवाज मात्र त्याच कानात घुमतो. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती मोठा केल्यावर ऐकू येतो त्या तपासणीत, २५० आणि ५०० हर्ट्झला ४५ डेसिबल, १००० ला ३५ आणि २००० ला २५ आले आहेत. हाडातून मोजलेली रेघ सगळीकडे दहाच्या आसपास आहे. टिंपॅनोमेट्रीत उजवीकडे सपाट रेघ आणि २.१ मिली असा आकडा आहे, डावीकडे १.० मिली. एक डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा भोकाने इतकं कमी होत नाही, आतली हाडं तुटली असतील. घरच्यांना वाटतं मी लक्षच देत नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या पडद्याला माझ्या दुप्पट भोक आहे आणि त्याला छान ऐकू येतं! त्याच्या कानातून अधूनमधून थोडासा, वास मारणारा पू येतो, पण ऐकू येतंय ना, म्हणून तो दाखवायला जात नाही. आणखी एक कोडं : माझा कान वाहत असे तेव्हा मला उलट जरा बरं ऐकू यायचं. हे कसं? आणि मी ऑपरेशन करून घ्यावं का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

सर्वात आधी घरच्यांसाठी. तुम्हाला कमी ऐकू येतं ते लक्ष नसल्यामुळे नव्हे. ४५ डेसिबल म्हणजे समोरच्याचं शांतपणे केलेलं बोलणं त्या कानापर्यंत जवळपास पोहोचतच नाही. ऑडिओग्रामचा कागद त्यांच्यासमोर ठेवा. तुम्ही सांगितलेली प्रत्येक तक्रार त्या कागदाशी जुळते, अगदी पुरुषांचे आवाज जास्त दूर वाटतात ही सुद्धा.

आता मूळ प्रश्न. भोक लहान, मग नुकसान मोठं का? यासाठी पडदा मुळात काय करतो ते पाहावं लागेल.

आवाज हवेतून येतो, पण ऐकण्याचं काम करणारा आतला कान द्रवाने भरलेला आहे. हवेतला आवाज सरळ द्रवावर आदळला तर त्यातली ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते. पाण्यात बुडी मारल्यावर काठावरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, ते याच कारणाने. ही अडचण मधला कान सोडवतो. पडद्याचा प्रत्यक्ष थरथरणारा भाग साधारण ५५ चौरस मिलिमीटर. त्याला हातोडी चिकटलेली, हातोडीला ऐरण, ऐरणीला रिकीब. रिकिबीचा तळवा आतल्या कानाच्या लंबगोल खिडकीत बसतो आणि तो असतो जेमतेम ३.२ चौरस मिलिमीटर. मोठ्या जागेवरचा दाब एवढ्याशा जागेत एकवटला की तो सतरा पट होतो. या तीन इवल्याशा हाडांची साखळी तरफेसारखी चालते, त्यातून आणखी १.३ पट. दोन्ही मिळून साधारण बावीस पट. हवेतून द्रवात जाताना जे हरवणार होतं, त्यातलं बरंचसं इथे भरून निघतं.

बहुतेकांना वाटतं की भोक पडलं म्हणजे पडद्याचं क्षेत्रफळ कमी झालं आणि तेवढं ऐकणं कमी झालं. तुमच्याच आकड्यांवर हे तपासून पाहू. पाचवा भाग गेला, चार भाग उरले. फक्त क्षेत्रफळाचाच प्रश्न असता तर नुकसान साधारण २ डेसिबलचं झालं असतं. तुम्हाला ते जाणवलंही नसतं. तुमचं नुकसान ३५ डेसिबलचं आहे : हवेतून ४५, तर हाडातून, म्हणजे पडद्याला वगळून, मोजलं तेव्हा १०. म्हणजे गडबड दुसरीकडेच आहे.

पडदा हलतो तो त्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक असतो म्हणून. एखादं दार दोन्ही बाजूंनी सारख्याच जोराने ढकललं तर ते जागचं हलत नाही. पडद्याचंही तेच. तो अखंड असतो तेव्हा आवाजाचा दाब बाहेरून पडतो आणि मागची हवा बंदिस्त, शांत असते. भोक पडलं की आवाज त्यातून मागे शिरतो आणि पडद्याला आतल्या बाजूने ढकलू लागतो. दाबातला फरक संपला की पडदा हलायचं कारणही संपतं.

खर्जातल्या आवाजाची लाट संथ असते. तिला भोकातून मागे जाऊन दाब सारखा करायला वेळ मिळतो. वरच्या पट्टीतली लाट इतकी चटचट उलटते की मागचा दाब तिच्यामागे धावत राहतो, गाठू शकत नाही. म्हणून भोकाचं नुकसान खर्जात सर्वात जास्त असतं आणि वर जाता जाता कमी होतं. तुमचे ४५, ४५, ३५, २५ हे आकडे नेमकं हेच सांगतात. बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘त’ वरच्या पट्टीतले, ते तुमच्यापर्यंत बऱ्यापैकी येतात, म्हणून शब्द कळतात. आवाजाचा भरदारपणा खालच्या पट्टीतला, तो हरवतो, म्हणून सगळं लांबून आल्यासारखं वाटतं.

आता तुमच्या आणि भावाच्या कानांतला फरक. पडद्याच्या मागे किती हवा आहे हे सगळ्यांच्या बाबतीत सारखं नसतं. मधल्या कानाची पोकळी लहानशीच, पण ती मागच्या बाजूने कानामागच्या हाडाशी जोडलेली असते. कानाच्या पाळीमागे बोट ठेवलंत की जो टणक उंचवटा लागतो, ते मास्टॉइडचं हाड. पुष्कळ लोकांत ते आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखं असतं, हवेने भरलेल्या बारीक कप्प्यांचं. काहींमध्ये ते जवळपास भरीव राहतं. त्यामुळे पडद्यामागची एकूण हवा कोणाकडे २ मिलीच्या आत भरते, तर कोणाकडे २० मिलीपर्यंत जाते. दोन्ही कान बाहेरून अगदी सारखे दिसतात.

एकाच मापाच्या नळीने दोन भांड्यांत हवा भरा, एक इवलीशी बाटली आणि एक मोठा डबा. बाटलीतला दाब पटकन चढतो, डब्यातला रेंगाळतो. पडद्यामागे जागा कमी असेल तर बारीक भोकातूनही तिथला दाब लगेच बाहेरच्या बरोबरीला येतो आणि पडदा गप्प होतो. जागा ऐसपैस असेल तर मोठं भोक असूनही दाबातला फरक काही प्रमाणात टिकतो आणि पडदा हलत राहतो. अमेरिकेतल्या बोस्टनमधल्या संशोधकांनी हे मृत्यूनंतर मिळालेल्या मानवी कानांवर ठरावीक मापाची भोकं पाडून मोजलं आणि २००१ मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे रुग्णांच्या तपासण्यांतही तेच दिसलं. सारखंच भोक, पण मागच्या हवेत बराच फरक असेल, तर दोन कानांच्या ऐकण्यात २० ते ३० डेसिबलचं अंतर पडू शकतं.

तुमच्या मागच्या हवेचा आकडा तुमच्या हातातल्या कागदावरच आहे. टिंपॅनोमेट्रीचं यंत्र आपल्या टोकासमोर किती मिली हवा आहे ते मोजतं. डावा पडदा अखंड आहे, म्हणून तिकडचा १.० हा फक्त बाहेरच्या नळीचा आकडा. उजवीकडे भोक असल्यामुळे यंत्राला पडद्यापलीकडची हवाही दिसते, म्हणून २.१. दोन्ही कानांच्या नळ्या साधारण सारख्या धरल्या तर तुमच्या पडद्यामागे जेमतेम १.१ मिली हवा आहे. ही फारच कमी आहे. तुमचं भोक का एवढं महाग पडतंय, याचं उत्तर मला इथे दिसतं.

यामागे तुमच्या लहानपणाचाही भाग असावा. हे हवेचे कप्पे जन्मतः जवळपास नसतात, ते वाढत्या वयात तयार होतात. ज्यांचा कान त्या वयात पुन्हा पुन्हा फुटतो, त्यांचं हे हाड बरेचदा भरीवच राहिलेलं आढळतं. म्हणजे ज्या आजाराने भोक दिलं, त्याच कानात मागची जागाही अपुरी असते. म्हणूनच लहान मुलाच्या पडद्यातलं भोक ‘बारीकसंच आहे’ म्हणून सोडून दिलेलं मला खटकतं. त्याचं ऐकणं मोजलंच पाहिजे.

इथे एक कबुली द्यावीशी वाटते. शिकत असताना भोक कुठे आहे यावरून किती कमी ऐकू येईल याचा अंदाज बांधायला आम्हाला शिकवलं होतं. मागच्या बाजूचं भोक वाईट, पुढचं सौम्य. तेव्हा एका बाईंच्या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक भोक पाहून मी त्यांना म्हणाले होते, एवढ्याने इतकं कमी कसं होईल, नीट लक्ष देऊन बटण दाबा. त्या काही बोलल्या नाहीत, मान खाली घालून पुन्हा तपासणीला बसल्या. आकडे तेच आले. तुमचं पत्र वाचताना मला त्या आठवल्या. भोकाची जागा ऐकण्याच्या हिशोबात फारशी येत नाही हे आता मोजून कळलेलं आहे. १००० हर्ट्झच्या लाटेची लांबी हवेत सुमारे ३४ सेंटीमीटर असते आणि मधला कान सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा. एवढ्या लांब लाटेला भोक पुढे आहे की मागे याने काय फरक पडणार? मागच्या-वरच्या भोकांचं नाव खराब झालं त्याला दुसरं कारण आहे. ऐरणीचा लांब पाय तिथेच, पडद्याला लागून असतो. त्याचं टोक नाजूक आणि रक्तपुरवठा तोकडा, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या संसर्गात सर्वात आधी तेच झिजतं.

हाडं तुटली असतील, ही डॉक्टरांची शंका म्हणूनच गैर नाही. फक्त ‘एवढ्या भोकाने इतकं होत नाही’ हे तिचं कारण मला पटत नाही. साखळी तुटली असेल तर नुकसान सहसा वरच्या पट्टीतही ठळक राहतं. तुमच्याकडे २००० हर्ट्झला हवेच्या आणि हाडाच्या रेघांतलं अंतर १५ डेसिबलवर आलं आहे, हे साखळी शाबूत असल्याचं चांगलं लक्षण आहे. पण लक्षण म्हणजे पुरावा नव्हे आणि पुरावा मिळवायची एक सोपी रीत आहे.

तिला पॅच टेस्ट म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली पडदा पाहिला तर तो मोत्यासारखा करडा दिसतो. हातोडीची दांडी त्यात वरून खाली उतरलेली असते, तिच्या टोकापासून पुढे-खाली उजेडाचा त्रिकोण चमकतो. भोकाच्या कडा पांढुरक्या असतात आणि त्यातून पलीकडची फिकट गुलाबी, ओलसर भिंत दिसते. डॉक्टर त्या भोकावर पातळ कागदाचा किंवा जिलेटिनच्या स्पंजचा ओला तुकडा अलगद बसवतात. दुखत नाही. मग लगेच पुन्हा ऐकणं मोजतात. ऐकणं सुधारलं तर साखळी जोडलेली आहे आणि पडदा बंद करणं पुरेसं ठरेल. सुधारलं नाही किंवा उलट घटलं, तर साखळीत खोट आहे. उलट घटेल कसं, असं वाटेल. तुटलेल्या साखळीच्या कानात भोकातून निदान थोडा आवाज थेट आतल्या खिडकीपर्यंत जात असतो. भोक झाकलं की तीही वाट बंद होते. पाठ्यपुस्तकातले ढोबळ आकडे असे आहेत : साखळी तुटलेली आणि पडद्याला भोक, तर सुमारे ३८ डेसिबल, साखळी तुटलेली आणि पडदा अखंड, तर सुमारे ५४.

आता तुमच्या कोड्याचं उत्तर तुम्हीच द्याल. कान वाहायचा तेव्हा घट्ट स्राव भोकावर बसून निसर्गाची पॅच टेस्टच करत होता. शिवाय आतल्या कानाला दुसरीही एक खिडकी आहे, गोल खिडकी. रिकीब लंबगोल खिडकी आत ढकलते तेव्हा गोल खिडकी बाहेर फुगते, म्हणून तर आतला द्रव हलू शकतो. मोठ्या भोकातून आवाज दोन्ही खिडक्यांवर एकदम आदळला तर ही ये-जा अडते. गोल खिडकीवर स्राव साचला की तिला आडोसा मिळतो. तुमचा अनुभव पुष्कळ रुग्ण सांगतात आणि तो खरा आहे. कान वाहता ठेवावा असा मात्र त्याचा अर्थ कोणी काढू नये. तोच स्राव हाडं झिजवतो.

स्वतःचा आवाज घुमतो त्याची परीक्षा घरीच करा. तोंड मिटून ‘म्म्म्’ असा हुंकार धरा. तो उजव्या कानात जास्त वाजेल. आता डाव्या कानात बोट घाला, हुंकार डावीकडे सरकेल. हाडातून येणारा आवाज पडद्याला वगळून थेट आत जातो आणि हवेतून येणाऱ्या आवाजाची वाट ज्या कानात अडलेली, तिथे तो मोठा वाटतो. तुमचा आतला कान निरोगी असल्याची ही खूण आहे. हाडातून घेतलेली रेघही तेच म्हणते.

ऑपरेशनबद्दल. पॅच टेस्टमध्ये ऐकणं सुधारलं, तर मी तुमच्या जागी असते तर करून घेतलं असतं. टिंपॅनोप्लास्टी नवीन गोष्ट नाही. जर्मनीत वुल्स्टाइन आणि झोलनर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचा पाया घातला. कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण किंवा कानाच्याच कुर्चेचा तुकडा घेऊन भोक बंद करतात. दहातले आठ-नऊ पडदे व्यवस्थित धरतात. तुमच्या बाबतीत एक गोष्ट मला फार आश्वासक वाटते. मागची जी अपुरी जागा आज तुम्हाला एवढी नडते, ती पडदा बंद झाल्यावर जवळपास नडत नाही. अखंड पडद्यामागे अर्धा मिली हवा खेळती राहिली तरी काम भागतं. तुमच्याकडे त्याच्या दुप्पट आहे.

ती खेळती राहते का, हे मात्र आधी पाहायला हवं. मधल्या कानातून नाकाच्या मागे उतरणारी युस्टेशियन नळी ही हवा पुरवते. ती नीट उघडत नसेल तर नवा पडदाही आत ओढला जातो. तेव्हा नाकाची तक्रार, ॲलर्जी, धूम्रपान असेल तर त्याचा निकाल आधी लावा. धोके थोडे आहेत पण आहेत : चवीची एक नस पडद्याला लागूनच जाते, तिला धक्का लागला तर जिभेच्या एका बाजूची चव काही महिने बदलते. क्वचित ऐकणं कमीही होतं. हे सगळं डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. ऑपरेशन नको असेल तर कोरड्या कानात श्रवणयंत्रही चांगलं काम करतं, तुमचा आतला कान उत्तम असल्यामुळे तर विशेषच.

तोवर कान कोरडा ठेवा. अंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन लावून तो कानाच्या तोंडाशी बसवा. पोहणं नको. तेल नको, काडी नको आणि दुकानातून आणलेले थेंब तर अजिबात नकोत. काही थेंबांतली औषधं भोकातून आत शिरून आतल्या कानाला कायमची इजा करू शकतात. विमानप्रवासाची भीती बाळगू नका. भोकामुळे दोन्ही बाजूंचा दाब आपोआप सारखा होतो.

आता भाऊ. त्याच्याबद्दल तुम्ही दोन-तीन ओळीच लिहिल्यात, पण मला तुमच्यापेक्षा त्याच्या कानाची काळजी जास्त वाटते. कमी आणि घाण वासाचा पू, हे साध्या भोकाचं लक्षण नाही. साध्या भोकातून येतो तो बहुधा भरपूर, शेंबडासारखा आणि बिनवासाचा. वास येणारा कान पाहिला की आम्ही आधी पडद्याचा वरचा, सैल भाग आणि मागची-वरची कड शोधतो. तिथे पडदा आत ओढला जाऊन एक पिशवी तयार होते, तिच्यात मेलेल्या कातडीचे थर साचत जातात आणि ती भोवतालचं हाड पोखरते. याला कोलेस्टिआटोमा म्हणतात. त्याला ऐकू छान येतं यावर विसंबू नका. कधीकधी ऐरण झिजून गेलेली असते आणि तिच्या जागी हीच गाठ आवाज पुढे पोहोचवत असते. ऐकणं टिकलेलं दिसतं आणि आत हाड जात राहतं, चेहऱ्याच्या नसेपर्यंत, तोल सांभाळणाऱ्या नलिकांपर्यंत, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत.

त्याचा कान मी पाहिलेला नाही, त्यामुळे हेच आहे असं म्हणणार नाही. पण हे नाही, एवढं कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली कान साफ करून, वरचा भाग नीट पाहून सांगायला हवं. शंका राहिली तर सीटी स्कॅन करावा. तुमची पॅच टेस्ट महिनाभर पुढे गेली तरी चालेल. त्याला या आठवड्यात घेऊन जा. मधल्या काळात चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा वाटला, गरगरून चक्कर आली, किंवा तापाबरोबर डोकं जोरात दुखू लागलं, तर वेळ ठरवत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.